गुणगुणीचं गंडाबंधन

माझ्या लॅपटॉपच्या चार्जरमधून येणाऱ्या गुणगुणीला यंदा गुरुपौर्णिमेला बाईंनी गंडा बांधला. माझा नंबर लागला नाही.

शरयूताई बेहेरे या माझ्या गाण्याच्या बाई. त्या मिरजेत, मी नाशकात. त्यामुळे मी घरीच रियाज रेकॉर्ड करून पाठवतो. त्यासाठी माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घ्यायचा होता. दुकानदाराने दोन दाखवले. एक साधा आणि चांगला होता. दुसऱ्यावर निळे दिवे होते. मी दिवे घेतले.

लॅपटॉपला चार्जर लावला की एकाच सुरातली गुणगुण माझ्या यमनाखाली येऊन बसायची. चार्जर काढून बॅटरीवर गा, असं बायकोने, शेजाऱ्यांनी आणि खुद्द दुकानदारानेही सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि आणखी महाग केबल आणली. शेवटी हात टेकले, चार्जर काढला आणि भूप पाठवला. बाईंचा लगेच फोन आला.

"घारपुरे, आज ती कुठे आहे?"

ती विजेची खराबी होती, काढून टाकली, असं मी सांगितलं.

"परत बोलवा तिला. आणि तुम्ही जरा हळू गा, तिचं नीट ऐकू येत नाही."

तेव्हापासून शिकवणी दोघांची झाली. तिचा दम तुटत नाही, षड्ज हलत नाही आणि ती घसा बसल्याचं कारण सांगत नाही, असं बाई म्हणायच्या. शेवटचं मला उद्देशून होतं. मला फार वाईट वाटलं. गंड्यासाठी उजवं मनगट मोकळं राहावं म्हणून मी राखीसुद्धा डाव्या हाताला बांधून घेत आलोय.

गुरुपौर्णिमेला सगळं सामान घेऊन मिरजेला गेलो. बाईंनी चार्जरच्या वायरीला लाल दोरा बांधला. शिष्याला चणे-गूळ भरवायचा असतो. तिला तोंड नसल्यामुळे तो मी खाल्ला.

मग ती गायली. प्लग सैल होता, म्हणून मी तो बोर्डात दाबून बसलो. लोक माना डोलवू लागले. मला राहवलं नाही, मीही हळूच सा लावला.

रेकॉर्डिंग करणाऱ्या पोंक्ष्यांनी हेडफोन दाबला. मागून कसलातरी आवाज येतोय, असं ते म्हणाले.

"हो, घारपुरे आहेत," बाई म्हणाल्या. "काढता येतील का?"

पोंक्षे म्हणाले, येतील.

ते रेकॉर्डिंग मला आलंय. अगदी स्वच्छ आहे.