चुन्याचं घर

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे आजवर मी काही लिहिलेलं नाही. वार्षिक अंकासाठी 'ओळखीच्या एखाद्या माणसावर लिही' असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा वाटलं, मोहाडीजवळच्या आमच्या गावातल्या माणसाबद्दल कोण वाचणार? त्या माणसालाच कळलं तर तो म्हणेल, "कायले लिवतं बे माह्यावर? मी मेलो का?" तरीही लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमच्या शेजारच्या दुधरामकाकाजींकडे जायचं तर दारातूनच जावं लागतं. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. विशेष एवढंच की तिथे दार नाही. भिंती नाहीत. घरच नाही. रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने आखलेलं एक घर आहे आणि त्याच्या मागे टिनाचा शेड. काकाजी आणि फुलवंताकाकी राहतात शेडमध्ये, पण शेडकडे जायचं ते आखलेल्या घराच्या आखलेल्या दारातून.

एकदा विजेचं मीटर पाहणारा नवा माणूस रस्त्यावरून सरळ आत चालत आला. काकाजी शेडमधून ओरडले, "थांबा! बूट घालून देवघरात काहून उभे हा?"

त्याने खाली पाहिलं आणि दचकून बाजूला उडी मारली. "आता?"

"आता मोरीत."

"मग येऊ कुठून?"

"माणसावानी दारातून या ना जी."

बिचारा रस्त्यापर्यंत मागे गेला, दारातून आला, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आत येताना त्याने मान वाकवली. काकाजी एकदम खूश. मला म्हणाले, "पाह्य, समजदार माणूस हाय. चौकट ठेंगणी हाय, हे त्याले समजलं." मग त्याला चहा मिळाला.

शेड खरं तर ट्रॅक्टरसाठी बांधला होता. समोर आज आखणी आहे त्या जागेवर तेव्हा काकाजींचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, लेकरामचं, मातीचं जुनं घर होतं. भावांची वाटणी झाली. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, शांतपणे वाटल्या गेल्या, घरावरून मात्र शब्दाने शब्द वाढला. रागाच्या भरात लेकरामने आपल्या हिश्श्याची कवेलू आणि लाकडं उतरवली, ट्रॉलीत भरली आणि बायकोला घेऊन तिच्या माहेरी नाकाडोंगरीला निघून गेला. छपराचा आडा, म्हणजे सगळं छप्पर पेलणारं आढं, मधोमध कापला गेला. उरलेलं अर्धं घर एका बाजूने उघडं, दोन पावसाळ्यांत बसलं. तेव्हा काकाजी आणि काकी भांडीकुंडी घेऊन ट्रॅक्टरच्या शेजारी राहायला आले.

"चार महिन्याची गोष्ट हाय," काकाजी म्हणाले.

मी तेव्हा सातवीत होतो. आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

शेडच्या मधोमध ट्रॅक्टर. त्याच्या एका अंगाला खाट, दुसऱ्या अंगाला गॅस. काकी ट्रॅक्टरच्या आरशात पाहून कुंकू लावते. चाकावरचं मडगार्ड म्हणजे तिची मांडणी. तिथे तेलाची बाटली, मिठाचा डबा, काकाजींचा चष्मा. काकाजींना चिखलणीला जायचं असलं की आधी काकीला संसार खाली उतरवावा लागतो. एकदा घाईत चहाची गाळणी राहिली आणि बांधीपर्यंत फिरून आली. त्या दिवशी पाहुणे आले होते. काकीने चहा पदरातून गाळला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ट्रॅक्टरले घर भेटलं बापा, मलेच नाही भेटलं."

धान आलं की पोत्यांची भिंत रचली जाते आणि शेडला वेगळी खोली मिळते. धान विकलं की खोली जाते. "लोकाईच्या बायका धान विकलं का सोनं मागते," काकी म्हणते. "म्या म्हणलं, मले चार पोते ठेवा फक्त. आडोसा रायते."

"चार महिन्याची गोष्ट हाय," काकाजी म्हणतात.

पैशाचं अडलं म्हणावं तर तसंही नाही. विटा केव्हाच्या आल्या आहेत, त्यांवर गवत उगवलं आहे. रेतीत गल्लीतली पोरं खेळतात आणि मांजरी पिलं घालतात. दरवर्षी पावसात आखणी धुऊन जाते. "आमचं घर दरसाल वाहून जाते, पण सरकार पंचनामा नाही करत," हेही काकीचंच. आणि दरवर्षी धान कापून झालं की काकाजी खुंट्या, दोरी आणि फक्कीचं घमेलं घेऊन तेच घर पुन्हा आखतात. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असतो, म्हणून दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे.

या घरात एक गोष्ट गावाला कळत नसे. राहणारी माणसं दोन आणि सैपाकखोल्याही दोन, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मिस्त्रीने विचारलं तर काकाजी म्हणाले, "एक गॅसची, एक चुलीची." सरपंचांना सांगितलं, "एक रोजची, एक कोंबडीची." माझ्या आईने विचारलं तर, "वयनी, तुमची भाजी आवडते मले. दुसरी तुमच्यासाठी." आई आठवडाभर खूश होती.

गेल्या दिवाळीत आम्ही आखत होतो. दुसऱ्या सैपाकखोलीपाशी आलो तेव्हा काकाजी म्हणाले, "ओट्याची जागा जरा सरकव. तोंड पूर्वेले आलं पाह्यजे. गीता पूर्वेले तोंड करूनच चुलीपाशी बसते."

मी दोरी धरून तसाच उभा राहिलो. गीता म्हणजे लेकरामची बायको. तिचं नाव या अंगणात कितीतरी वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. काकाजींच्याही ते लक्षात आलं असावं. ते घमेल्यातली फक्की उगाच हाताने सारखी करत राहिले.

मी चाचरत म्हटलं, "काकाजी, नाकाडोंगरी काही दूर नाही. एक फोन करा ना."

"मी मोठा आहो ना बे."

"म्हणूनच."

"त्यानं आडा कापला," काकाजी म्हणाले. मग घमेलं खाली ठेवून, "म्यापण त्याले थांब नाही म्हणलं. पायाची पयली कुदळ दोघांनी मारा लागते. एकट्यानं मारली तर ते माह्यं एकट्याचं घर होते. तेवढ्यासाठी शेड काय वाईट हाय?"

काकी शेडच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारी काकी सूप खाली ठेवून त्या आखलेल्या ओट्याकडे पाहत राहिली.

परीक्षा होती म्हणून मी गावची मंडई सोडून भंडाऱ्याला कॉलेजात परतलो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि त्या दिवशी सगळे नातेवाईक येतात. मंडईच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिने आधी वांग्यांचं सांगितलं, मग बकरीचं, आणि मग म्हणाली, "अन् लेकराम आला होता."

"कोणी बोलावलं?"

"फुलवंतानं. तुह्या काकाजीले न सांगता गीताले फोन लावला. म्हणे, तुयी सैपाकखोली आखून हाय, भिंती तेवढ्या बाकी हायत. मंडईले येऊन पाहून जाय."

"मग?"

"मंग काय, लेकराम गाडीवरून उतरला अन् सरळ निघाला. त्याले का मालूम, तिथं भिंत हाय म्हणून? आमी साऱ्या बाया श्वास धरून उभ्या. म्हटलं, आता दुधरामभाऊ बोंबलते."

"ओरडले?"

"कायचे बोंबलते! शेडातून उठले अन् पयतच सुटले. ना देवघर पाह्यलं, ना मोरी पाह्यली. सारं घर तुडवत गेले." आईचा आवाज जरा ओला झाला. मग तिने नाक ओढलं. "पुरी आखणी पुसली. आज सकाळी नव्यानं टाकून राहिले."

मला उगाच वाटलं, मी तिथे असायला हवं होतं. विचारलं, "दोरी कोणी धरली?"

"लेकरामनं. अन् सकाळपासून दोघं भांडून राहिले, दार कोण्या बाजूले पाह्यजे म्हणून. गल्ली जमा झाली पाहाले."

"आणि काकी?"

"ते का, विटांवरचं गवत उपटून राहिली," आई म्हणाली. "म्हणते, भांडू द्या त्याईले. चार महिन्याची गोष्ट हाय."