मूठभर तांदूळ आणि उपांचा फोन

यंदा चर्चचं आयकराचं रिटर्न मी घरी बसून भरीन, एक पैसाही न घेता, असं मी समितीसमोर उभं राहून सांगितलं होतं. खालच्या बाजारातला सल्लागार दरवर्षी पंधरा हजार घ्यायचा. "मी बी.कॉम. आहे," मी म्हणाले. "माझ्या डाव्या हाताचा मळ."

खरं तर मी बढाया मारणाऱ्यांतली नाही. मी गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी बाई. दोन वर्षांची रेमी झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या नाकाखाली बोट धरते. मग ती जागी होते आणि आम्ही दोघी रडतो. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. आमचे खजिनदार उपा थनसियामा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, चर्चमधल्या सगळ्या उपांत, म्हणजे वडीलधाऱ्यांत, वडीलधारे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "शनिवारी शेवटची तारीख आहे, पोरी. चुकली तर करमाफी जाईल. मग नव्या छपरासाठी साठवलेले पैसे सरकारला, आणि आपण पावसात प्रार्थना करू."

त्या रात्री मला स्वप्नात भिजलेली भजनी मंडळी दिसली.

पण हिशेब जुळवायला बसले आणि वेगळ्याच कारणाने थबकले. आमच्याकडे प्रत्येक घरात चुलीजवळ एक डबा असतो. भात टाकण्याआधी मोजलेल्या तांदळातली एक मूठ त्या डब्यात, मगच पातेलं चुलीवर. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक. दर शनिवारी चर्चच्या बायका डबे रिकामे करून नेतात आणि तो तांदूळ विकतात. जन्मापासून बघत आले, बेरीज मात्र कधी केली नव्हती. ऐझॉलमधली आमची एक वस्ती, तीनशे घरं, आणि वर्षाचे चार लाख बासष्ट हजार. मला वाटलं कॅल्क्युलेटर बिघडलाय. बंद करून पुन्हा चालू केला. तेवढेच. एवढा डोंगर मुठीमुठीने कुणी रचला, आणि एकीनेही कधी मोजून दाखवलं नाही!

तर शनिवारी सकाळी सगळं भरून झालं होतं. राहिला होता फक्त ओटीपी. सही उपांची, म्हणून ओटीपी येणार उपांच्या फोनवर, म्हणून त्यांनी आपला बटणांचा फोन आदल्या दिवशीच माझ्या हवाली केला होता. "ठेव. मला तो सल्लागार सोडून कुणी फोन करत नाही. आता तोही करणार नाही."

मी लॅपटॉप उघडायला वळले आणि मागे डुबुक आवाज झाला. रेमीने फोनला बादलीत अंघोळ घातली होती. वर साबणही लावला होता.

फोन गार. बटणं दाबली, गदागदा हलवला, छातीशी धरला, ढिम्म. सिम काढून माझ्या फोनात घालावं तर ते जुन्या मोठ्या आकाराचं, बसेना; परत उपांच्याच फोनात सरकवलं. ओला फोन तांदळात पुरला की ओल शोषली जाते, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. पण आमच्या तांदळाची पिशवी तळाला लागलेली, नवी संध्याकाळी यायची होती. फोन बुडेल एवढा तांदूळ घरात एकाच ठिकाणी होता. देवाच्या कामाचा फोन, देवाच्या तांदळात. मी तो डब्यात खोल पुरला, झाकण लावलं, रेमीला पाठीशी बांधलं आणि गच्चीवर कपडे धुऊन वाळत घालायला गेले. सासूबाईंना काही सांगितलं नाही. कशाला उगाच त्यांच्या जिवाला घोर!

तासाभराने खाली आले तर डबा धुऊन पालथा घातलेला.

"आई, यातला तांदूळ?"

"डबे गोळा करायला पी चुआंगी आल्या होत्या ना, वजन करून त्यांच्या पोत्यात ओतला," सासूबाई मोठ्या खुशीत म्हणाल्या. "म्हणाल्या, 'ह्रांगी, या आठवड्यात तुझ्या घरचा डबा चांगला जड लागतोय.' मी म्हटलं, सून शिकलेली आहे माझी, हात मोकळा आहे तिचा."

मी पायऱ्या उतरत सुटले. आमच्या वस्तीत कुठेही जायचं तर शंभर पायऱ्या खाली, नाहीतर शंभर वर. पाठीवर रेमी 'अजून, अजून' करत होती.

चर्चच्या ओट्यावर पी चुआंगी रिकामी पोती झटकत बसल्या होत्या. आमच्याकडे मानाने बाईला 'पी' म्हणतात, पुरुषाला 'पू'.

"सगळा विकला?"

"अगं, मूठ-तांदूळ थांबतो का कधी? माझ्या वाट्याच्या चाळीस घरांचा चाळीस तऱ्हेचा, म्हणून स्वस्त. शिजवला की अर्धा लगदा आणि अर्धा कच्चा. तरी लोक रांग लावतात."

मी सगळं सांगितलं. त्यांनी गालातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं. "उपांचा फोन तू देवाला वाहिलास?"

"वाहिला नाही हो, वाळत घातला."

"माझ्यावर सोड," म्हणून त्या वस्तीच्या भोंग्याकडे निघाल्या. आमच्याकडे मरण असो, हरवलेली किल्ली असो, सगळं भोंग्यावरच कळतं. भोंगा सांभाळणारे पू बुआंगा फार सज्जन माणूस. उपांचा फोन हरवला असं तीनशे घरांत ओरडलं तर म्हाताऱ्याची शोभा होईल, म्हणून त्यांनी फोनचं नावच गाळलं. मी घरी पोचते तोवर डोंगरभर आवाज घुमला: "आज विकत घेतलेला मूठ-तांदूळ कुणी शिजवू नका. आयकराचं काम आहे. रेमीच्या आईला भेटा."

मी जिन्यातच कपाळावर हात मारला. यातून माणूस काय समजेल?

माणसं जे समजायचं तेच समजली. अर्ध्या तासात दाराशी पहिली बाई हजर, शालीआड वाडगा. "किती मुठी द्यायच्या?"

"कसल्या मुठी?"

"सरकारने मूठ-तांदळावर कर लावला म्हणे. चर्चच्या तांदळाला हात लावू देऊ नकोस. सरकारची मूठ आम्ही वेगळी आणलीय."

मी समजावेपर्यंत मागे पाच जणी. मग वीस. मग रांग पायऱ्यांवरून खाली वळणापर्यंत, कुणाच्या हातात कप, कुणाच्या हातात पातेली. चिडचिड नाही, कुरकुर नाही. "सरकारलाही भूक लागतच असेल," एक आजी दुसरीला सांगत होत्या. मी सांगतेय की कर नाही, फोन आहे. त्या ऐकून घेतात, मान डोलावतात आणि तांदूळ ओतून जातात. सासूबाईंनी तर मधोमध पोतंच उघडून ठेवलं. मी दारात उभी राहून बघत राहिले. कर म्हटलं की लोक पळतात असं आम्हाला तीन वर्षं शिकवलं होतं. धावत येणाऱ्या लोकांचा धडा पुस्तकात नव्हता.

रांगेत बाविसाव्या नंबरवर, वर्तमानपत्राच्या पुडीत तांदूळ घेऊन, उपा थनसियामा उभे होते.

"उपा! तुम्ही?"

"मी खजिनदार, आणि नवा कर मला भोंग्यावरून कळतो," ते म्हणाले. "माझ्या फोनवर काही आलं का?"

मी सांगून टाकलं. बादली, साबण, डबा, सगळं. अडीच वाजले होते. उपांनी पुडीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. "म्हणजे छप्पर माझ्या फोनात आहे, आणि माझा फोन कुणाच्या तरी भातात."

"भातात नाही," मागून बारीक आवाज आला.

त्या पी खुमी होत्या. खालच्या टोकाला एकट्या राहतात, झाडू विकतात. दर शनिवारी किलोभर मूठ-तांदूळ घेतात, कारण दुसरा परवडत नाही. "तांदूळ निवडताना सापडला. मला वाटलं, कुणाकडे तांदूळ नसेल म्हणून बिचारीने फोन टाकला. देवाची वस्तू मी कशी ठेवून घेऊ? दानपेटीत टाकून आले."

आणि तेवढ्यात त्यांनीही मूठ उघडून पोत्यात रिकामी केली. विकत घेतलेल्या त्याच किलोतली ती मूठ.

दानपेटीला तीन कुलपं. एक किल्ली उपांकडे, एक पाळकांकडे, एक हिशेबाच्या कामापुरती माझ्याकडे. माझी गळ्यात दोऱ्याला होती. त्या दिवशी मी न हरवलेली तेवढी एकच वस्तू. पाळकांना गाठून चर्चमध्ये पेटी उघडली. नोटांच्या वर फोन ऐटीत पहुडला होता. मी हात घातला.

"थांब," उपा म्हणाले. "पेटीत पडलं ते देवाचं. नियम मीच केलाय."

"उपा, तीन वाजून गेले!"

"म्हणून तर घाई कर. किंमत बोल."

पाळक म्हणाले, शंभर. उपांनी स्वतःच तीनशे केले, कारण फोन चांगला आहे असं त्यांचं मत. तीनशे रुपये पेटीत गेले, पेटीला पुन्हा तिन्ही कुलपं लागली, आणि मी उपांना त्यांच्याच फोनची पावती फाडून दिली.

घरी येऊन बटण दाबलं. पडदा उजळला. पाऊण तास आमच्या डब्यात-पोत्यात आणि उरलेला वेळ पी खुमींच्या घरी राहून फोन खडखडीत वाळला होता. फक्त साबणाचा वास येत होता. सहा आकडे आले, मी भरले, रिटर्न गेलं. चार वाजून दहा मिनिटं.

उरलं ते दाराशी भरलेलं दीड पोतं. "हा कोणत्या खात्यावर लिहू?" मी विचारलं. "लोकांनी आपणहून आणलेला कर?"

उपा फोन खिशात घालत हळूच म्हणाले, "मूठ-तांदळातच लिही. सरकारला कळवू नकोस, सवय लागेल त्यांना."

रविवारी चर्चमध्ये पी चुआंगींनी नेहमीप्रमाणे आठवड्याचं वजन वाचलं. आमच्या भागात सर्वांत जड डबा: ह्रांगींचं घर. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. उपांनी भजनाचं पुस्तक तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं. पी चुआंगींनाही सगळं माहीत होतं. त्यांनी पुढच्या भागाचं वजन वाचायला घेतलं.

तेव्हापासून दर शनिवारी डबा न्यायच्या आधी सासूबाई तो हातात तोलून बघतात आणि म्हणतात, "मागच्यासारखा नाही गं लागत." म्हणून मी आता भात टाकताना दोन मुठी काढते. खजिनदारांच्या फोनचं वजन भरून काढणं म्हणजे काही डाव्या हाताचा मळ नव्हे.