शालनला बघायला आबाजी आले

डोकं असलेल्या माणसाला भांडणतंटा न करता कुठलंही काम तडीला नेता येतं, असं माझं ठाम मत होतं. आणि मला डोकं आहे, असंही! त्या रविवारच्या दुपारपर्यंत ही दोन्ही मतं शाबूत होती.

माझी भाची शालन सोळा वर्षांची. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून काखेत कुबडी. दापोडीच्या शाळेतून सातवीची फायनल झाली आणि पोर घरी बसली. तांदूळ निवडून निवडून घरातले खडे संपले! एकदा मला म्हणाली, "मामा, मला कुठंतरी कामाला लाव. न्हाईतर मी या घरातलं जातं होईन. बसल्या जागी फिरायचं!"

पिंपरीला मुंबई रस्त्यालगत आबाजींचा छोटा कारखाना होता. तिथं मुली बसून विजेच्या पंपांतल्या मोटारींसाठी तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या करायच्या. मी शब्द टाकला. आबाजी म्हणाले, "कुबडीचं काही नाही हो, काम बसूनच आहे. पण मुलगी लहान. आईबापाची परवानगी मी स्वतः घरी येऊन घेणार."

इथंच घोडं पेंड खात होतं! माझी बहीण, कौशल्याअक्का, कारखान्याचं नाव काढलं की पदर खोचायची. "अधू लेकीच्या जिवावर जेवत्यात, म्हनतील लोक! आधी मला पुरा, मग तिला धाडा!"

तेव्हा मी डोकं चालवलं. अक्काला सांगितलं, रविवारी शालनसाठी एक स्थळ येतंय. एकदा आबाजी पाटावर बसले, पोहे पोटात गेले, की मी बोलण्याची गाडी हळूच लग्नावरून नोकरीवर वळवणार. आहे काय नि नाही काय!

रविवारी आबाजी आणि त्यांच्या पत्नी इंदुताई आले. अक्कानं शालनला आधीच चटईवर बसवून पायांवर नवं पातळ पसरलं होतं आणि कुबडी शेजारच्या गोजाबाईकडं लपवली होती. शालन माझ्याकडं खाऊ का गिळू अशी बघत होती. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. गुपित जितक्या कमी तोंडांत तितकं बरं!

माझे दाजी बबनराव घसा खाकरून म्हणाले, "चिरंजीव न्हाई आले?"

"तो मुंबईला शिकतोय," आबाजी गोंधळले. "त्याचं इथं काय काम?"

"जुन्या वळणाची मानसं हायती. चांगलं हाय," अक्का माझ्या कानात पुटपुटली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या कोंबला.

"बाळ, तासन्‌तास बसायची सवय आहे ना?" आबाजींनी शालनला विचारलं.

"लई!" अक्काच उत्तरली. "दिसभर बसूनच असती! उठतच न्हाई!" आणि तिनं जीभ चावली.

"नजर?"

"दोन्ही डोळ्यांनी बघती!"

"मग झालं तर!" आबाजी खूश झाले. "आमच्याकडे आत्ता सात जणी आहेत, पण कमी पडतात. आठवी हवीच होती."

दाजींच्या बशीतले पोहे चटईवर गेले. "सात!" ते ताडकन उठले. "सरकारनं कायदा केलाय, ठावं हाय का? एकीवर दुसरी आनली तर खडी फोडाय धाडत्यात!"

"अहो, पण मी त्यांना रोज संध्याकाळी घरी पाठवतो!"

"घरी बी पाठवता!" अक्कानं कपाळावर हात मारला. मग इंदुताईंकडं कळवळून पाहत म्हणाली, "आनि तुमी कितव्या, बाई?"

"मी पहिली नि शेवटची!" इंदुताईंना असा ठसका लागला की माझ्या हातातला तांब्या अखेर कामी आला.

आणि शालन हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ओरडली, "गोजामावशी, माझी कुबडी आना!"

गोजाबाई कुबडी घेऊन तत्क्षणी हजर! दाराला कान लावूनच उभी होती ती. शालन उठली आणि सगळ्यांच्या देखत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली.

"काका, मी अशी चालते. काम जमंल का ते हात बघून सांगा," ती आबाजींना म्हणाली. "आई, हे लगीन न्हाई. नोकरी हाय. मामानं थाप मारली! पर मला करायची हाय ती."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी छताकडं बघू लागलो.

अक्का रडायलाच लागली. "कुबडी बघून कुनी न्हाई म्हनू नये, म्हनून लपवली गं पोरी!"

"बाई, कुबडी आहे हे ऐकूनच आम्ही आलोय," इंदुताई म्हणाल्या.

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. आपल्या लेकीसाठी सगळं माहीत असून कुणी आपण होऊन दारात यावं, हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "पर हिला रोज न्हेनार कोन?"

पुन्हा सगळे माझ्याकडं!

एक दिवस काम देऊन बघायचं, हात बसला तर जागा तिची, असं आबाजींनी ठरवलं. सोमवारी सायकलच्या कॅरिअरवर शालन, दांड्याला बांधलेली कुबडी आणि पायडलवर मी. कासारवाडीतच माझा जीव कंठाशी आला. कारखान्याच्या फाटकाशी उतरल्यावर तिनं माझा हात धरला.

"मामा, न्हाई जमलं तर?"

डोक्यातून ऐनवेळी काही निघेना. "तर घरी नेईन, आणि उद्या परत आणीन," मी म्हणालो.

ती आत गेली. मी समोरच्या लिंबाखाली बसलो. आत काय चाललंय काही कळेना. कधी उठून फाटकातून डोकवावं, कधी परत येऊन बसावं! दुपार कलली तेव्हा रखवालदार माझ्यापाशी आला. त्याला माझी दया आली असावी.

"सकाळधरनं बसलाय राव! उठा, घरी जावा. तुमास्नी काम न्हाई मिळायचं. एकच जागा होती, ती मालकांनी सकाळच्या कुबडीवाल्या पोरीला दिली."

मी त्या भल्या माणसाला कडकडून मिठी मारली. तो घाबरून आत पळाला आणि फाटकाला आतून कडी घातली! संध्याकाळी शालन सुटेपर्यंत ती काही त्यानं काढली नाही.