कबरीबाईंचा पाहुणचार

आमच्या शेजारची हिराआत्या माणसांना अरे-तुरे करते आणि कोंबड्यांना अहो-जाहो. बदलापूर गावात आगऱ्यांच्या घरी कुणी कुणाला अहो म्हणत नाही, त्यामुळे पहिल्या गोष्टीचं नवल नाही. मीटर बघायला आलेला माणूस असो की नगरसेवक, "बस रे, चाय पितोस का?" पण सकाळी खुराड्याच्या दारावर ती आधी टकटक करते आणि हळूच विचारते, "उठलात का? यायचं का बाहेर?"

असं का, म्हणून मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मानसा उलटून बोलतान. यांना मान दिला का अंडी देतान."

अंडी सगळ्याच देतात असं नाही. लाल सोनूबाई बारा महिने खुडूक. अंडी नसली तरी तिला काहीतरी उबवायला लागतंच. एकदा तिच्या पोटाखाली कांदा निघाला. मी काढायला गेले तर आत्याने माझा हात धरला. "राहू दे. मन लागलंय त्यांचं."

दुसरी पांढरी कॅम्पवाली, उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून आणलेली. ती पिंजऱ्यात वाढली, त्यामुळे तिला मातीची भीती. अंगणातल्या लादीच्या पट्टीवरून खाली उतरत नाही. तिला उकरायला शिकवायचं म्हणून आत्या स्वतः उकिडवी बसून बोटांनी माती उकरते. "असं करा. असं. बघा, किडा निघाला." बाकीच्या कोंबड्या धावत येऊन किडा खातात आणि कॅम्पवाली लादीवरून बघत राहते. समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून हे सगळं बघतात.

कोंबडा एकच, त्याला आत्या साहेब म्हणते. आकाशात घार दिसली की साहेब सगळ्यांच्या आधी खुराड्यात.

आणि कबरीबाई. त्यांचं एकच आहे. दिवेलागणीला खुराड्यात आधी त्या जाणार. दुसरं कुणी आत शिरलेलं असलं तर त्या सगळ्यांना टोचून बाहेर काढतात, मग स्वतः आत जातात, कोपऱ्यात बसतात आणि त्यानंतर बाकीच्यांनी यायचं. साहेबांनीसुद्धा. आत्या तोवर दार धरून उभी.

आत्याचा मुलगा सुरेश कात्रपला फ्लॅटमध्ये राहतो. रिक्षाने गेलं तर हातातला चहा गार होणार नाही, एवढंच अंतर. पण येतो तो वर्षातून एकदा, गटारीला. आईच्या हातची घरची कोंबडी खायला. आधी फोन करून सांगतो, यंदा ती लाल ठेव, यंदा ती काळी ठेव.

आता ही गोष्ट मला आणि आत्यालाच माहीत आहे. मामा, म्हणजे आत्याचा नवरा, गेल्यापासून तिने घरची एकही कोंबडी कापलेली नाही. गटारीला सकाळी मी उल्हासनगरला एक नंबर कॅम्पात जाते आणि तिथल्या दुकानातून गावठी कोंबडी कापून आणते. बदलापुरातले दुकानवाले सुरेशला ओळखतात. आणि सुरेशने सांगितलेली कोंबडी तो जाईपर्यंत माझ्या मोरीत राहते. पुढच्या वेळी ती अंगणात फिरताना दिसली तरी त्याला कळत नाही. आईने त्याच रंगाची दुसरी आणली असेल, असं त्याला वाटतं.

"सांगून टाक ना त्याला," मी म्हटलं होतं.

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग तो येल कशाला?"

यंदा सुरेशचा फोन आला, "आये, ती कबरी ठेव. आता चांगली भरली असेल." आत्याने कबरीबाईंना काखेत घेऊन माझ्या मोरीत आणून सोडलं. "आजचा दिवस यांच्याकडे जेवा हां."

सुरेश जेवला. रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, परत रस्सा. "घरची ती घरची," म्हणाला. दरवर्षी तो जेवला की निघतो. यंदा ओटीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. आत्या आधी खूश झाली. मग ऊन उतरायला लागलं तशी ती कुंपणावरून माझ्याकडे बघायला लागली.

मोरीत कबरीबाईंची घालमेल सुरू झाली. आधी फेऱ्या मारल्या, मग दारावर चोच. मी कणी टाकायला म्हणून दार जरा उघडलं, तेवढ्यात त्या माझ्या पायांमधून निघून गेल्या. मी मागोमाग.

सुरेश नुकताच उठून चहा घेत होता. कबरीबाई त्याच्या पसरलेल्या पायांवरून चढून पलीकडे उतरल्या आणि खुराड्यापाशी गेल्या. सोनूबाई, कॅम्पवाली, साहेब, सगळे आत बसलेले. एकेकाला टोचून बाहेर काढलं. आत्या एवढी घाबरलेली, तरी सवयीने बोलून गेली, "या, बसा."

कबरीबाई आत जाऊन कोपऱ्यात बसल्या.

मी कुंपणाला धरून उभी. सुरेशने खुराड्याकडे बघितलं, मग आईकडे. आत्या पदराने रिकामी बशी पुसत बसली होती. पुसून झालेलीच बशी परत पुसत होती.

"आये," तो म्हणाला, "रविवारी येऊ का?"

"कुठल्या?"

"या येत्या."

आत्या गडबडली. "अरे, मंग कोंबरी..."

"कोंबडी नको. तू काय खातेस ते कर."

आत्या विचारात पडली. "मी तं सांजचं चाय-बटर खाते रे. एकटीला कोन चूल पेटवतं."

सुरेशने उरलेला चहा पिऊन कप खाली ठेवला.

"मंग बटर मी आनतो," तो म्हणाला.