लिफ्टवरची चिठ्ठी

शुक्रवारी संध्याकाळी पोलिक्सेनीबाईंच्या घरात सहलीची तयारी चालली होती, पण चोरीछुपे. बॅग पलंगाखाली होती, बसची तिकिटं साखरेच्या डब्यामागे आणि सहलीची वही उशीच्या अभ्र्यात. नाफ्प्लियो या बंदराच्या गावातले दोन दिवस त्या वहीत तासातासाने मांडले होते. शनिवारी साडेनऊची बस. बारापर्यंत बंदर. होडीने समुद्रातल्या बुर्जापर्यंत जाऊन येणं. मग धक्क्यावर जेवण: निखाऱ्यावरचा ऑक्टोपस, तळलेली बार्बूनी मासळी. रविवारी पालामिदीचा किल्ला, आणि त्यापुढे कंसात, 'पायऱ्या नऊशे नव्व्याण्णव, मिनासचे गुडघे बघून ठरवणे'. सगळ्यात शेवटी एक ओळ होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली होती: 'खुर्ची समुद्राकडे करून बसणे. उठायचं नाही.'

ती ओळच खरी सहल होती, बाकी सगळं तोंडी लावायला.

कारण शनिवारी संत मिनासचा दिवस, म्हणजे नवऱ्याच्या, मिनासरावांच्या, नावाचा सण. या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे तो मिठाईचा खोका घेऊन दारात उभा राहतो, आणि आलेला माणूस खाल्ल्याशिवाय जात नाही. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं त्या दिवशी पोलिक्सेनीबाई दोनशे खिम्याचे गोळे तळत होत्या, द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या वळत होत्या आणि चाळीस माणसांच्या कॉफ्या करत होत्या. मिनासराव दिवाणखान्यात बसून 'शतायुषी हो'चा स्वीकार करत. बाईंनी एकतीस वर्षांत त्या दिवशी एकदाही बूड टेकलं नव्हतं.

"पण लोकांना सांगायचं काय?" मिनासराव म्हणाले. "फिरायला चाललोय म्हटलं तर रागावतील. आगलाया मावशी तर जन्मभर बोलायची नाही."

"मावशीला मी तिथून फोन करीन. ती येते चर्चमधून सुटल्यावर, बरोब्बर दहाला. आपण पावणेनऊला बाहेर. आणि बिल्डिंगसाठी लिफ्टवर चिठ्ठी लाव ना. तुला येतं की असलं लिहायला."

येणारच. मिनासरावांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं 'उद्या पाणी येणार नाही'च्या सूचना लिहिल्या होत्या. त्यांना आठवलं, दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या झाम्बेताबाईंनी अशीच एक चिठ्ठी लावली होती. काय भारदस्त शब्द होते! त्यांनी ते आठवून आठवून उतरवले आणि मोठ्याने वाचले, "श्री. मिनास यंदा सण साजरा करणार नाहीत. कुटुंब भेटी स्वीकारू शकत नाही, याबद्दल क्षमस्व."

"छान आहे," शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. कॉलर जळू नये म्हणून त्यांचं सगळं लक्ष तिकडे होतं, आणि तिथेच घात झाला.

शनिवारी सकाळी आठला दारावरची घंटा वाजली. दारात झाम्बेताबाई, नखशिखांत काळ्या कपड्यात. एका हातात कॉफीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रँडीची बाटली, काखेत टोस्टचा पुडा. कॉफी, ब्रँडी, टोस्ट हे त्यांच्या किप्सेली भागात कुणी कुणाकडे सणाला घेऊन जात नाही. ते मयताच्या घरी नेतात.

"काही बोलू नकोस, पोरी," झाम्बेताबाईंनी त्यांना छातीशी आवळलं. "मी काल चिठ्ठी वाचली आणि तिथेच रडले. अगदी माझेच शब्द. माझा भाऊ गेला तेव्हाचे."

पोलिक्सेनीबाईंनी झाम्बेताबाईंच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. मिनासरावांनी छताकडे पाहिलं.

"झाम्बेता, अगं ऐक, तसं काही..."

"मला पण पहिल्या दिवशी असंच वाटत होतं. तसं काही नाही, तसं काही नाही. बस तू." आणि पोलिक्सेनीबाई सवयीने कॉफी ठेवायला स्वयंपाकघराकडे वळल्या तसं झाम्बेताबाईंनी त्यांना दंडाला धरून सोफ्यावर दाबलं. "खबरदार चुलीला हात लावलास तर! दुखवट्याच्या घरची बाई कशालाही हात लावत नाही. आम्ही मेलोय का सगळे?"

साडेआठपर्यंत घर भरलं. तळमजल्यावरचे दंतवैद्य आले, पाचव्या मजल्यावरच्या दोघी बहिणी आल्या, कोपऱ्यावरचा भाजीवाला स्ताथिस दुकान बंद करून आला. जो येई तो मिनासरावांचा हात हातात घेऊन "तुम्हाला आयुष्य लाभो" म्हणे आणि खाली मान घालून बसे. कोण गेलं, हे मात्र कुणी विचारीना. असं विचारायचं नसतंच, आपल्याला ठाऊक असायला हवं. मग सगळे आपापल्या परीने हिशेब करत राहिले. तो जुळवला स्ताथिसने.

"बुधवारीच माझ्याकडून लीकच्या पातीची जुडी नेली हो मावशींनी," तो डोळे पुसत म्हणाला. "तीनदा परत केली. म्हणे पिवळी आहे. आणि बघा, असं असतं."

"आगलाया!" खोलीत एकच उसासा उमटला.

मिनासराव ताडकन उठले. पोलिक्सेनीबाई त्यांना स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

"सांग जाऊन त्यांना!" मिनासराव फुसफुसले. "आत्ता!"

"काय सांगू? तुम्हाला टाळायला चिठ्ठी लावली म्हणून? झाम्बेता काळे कपडे घालून माझी कॉफी करतेय! मी उद्यापासून जिन्यात तोंड कसं दाखवू?"

"अगं, माझी सख्खी मावशी आहे ती!"

"किती वाजले?"

"पावणेनऊ."

बाईंनी डोळे मिटले. साडेनऊची बस. खुर्ची. समुद्र. "मग असू दे," त्या म्हणाल्या. "दफन नाफ्प्लियोला आहे म्हणू. तिचं माहेर तिथलंच आहे. लगेच सोडतील आपल्याला."

"एका मासळीच्या ताटासाठी तू माझी मावशी मारणार?"

"फक्त सोमवारपर्यंत!"

एकतीस वर्षांत ही बाई आपल्याला कळली आहे, असं आजवर मिनासरावांना वाटत होतं.

पण लगेच सोडतील कशाला? दफन बाहेरगावी म्हटल्यावर तर लोकांना अधिकच भरून आलं. बॅग पलंगाखालून बाहेर आली, तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या बहिणींना हुंदका फुटला. दुसरी कॉफी झाली. दंतवैद्यांनी मावशीच्या कवळीबद्दल चार गौरवाचे शब्द सांगितले. पोलिक्सेनीबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळाला खिळलेली. सव्वानऊ. साडेनऊ. बस गेली. आता बसची काळजी उरलीच नव्हती. दहाला आगलाया मावशी येणार होती.

"आम्ही निघतोच," त्या उठल्या. "मिनास, कोट घाल. घाल म्हणते ना!"

"बसने कशाला जाता?" स्ताथिस म्हणाला. "माझी व्हॅन आहे. आणि एकटे जायचं नाही. आपण सगळे जाऊ."

"सगळे?"

"म्हणजे काय! मावशीला कोण पोचवणार मग?"

काळे कोट चढले. कुणीतरी घरून चीजचं पॅटिस आणलं, कुणी ऑलिव्हची बरणी. पोलिक्सेनीबाईंचा एकच धोशा चालला होता, "चला, चला, उशीर नको." दहाला चार मिनिटं असताना मंडळी जिन्याजवळ जमली. लिफ्ट खालून वर येत होती. करकर करत ती दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि दार उघडलं.

आत आगलाया मावशी. काळा झगा, काळा रुमाल, जो ती नवरा गेल्यापासून वीस वर्षं रोज घालत होती. हातात लाल फितीचा मिठाईचा खोका.

झाम्बेताबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "देवमाते!" एवढंच म्हणून त्या जिन्यात मटकन बसल्या. स्ताथिस दोन पावलं मागे सरकला.

"शतायुषी हो रे मिनास," मावशी म्हणाली. मग तिने काळ्या कोटांची रांग पाहिली. "कोण गेलं?"

हळूहळू सगळ्यांच्या माना पोलिक्सेनीबाईंकडे वळल्या. बाईंनी बॅगेची मूठ घट्ट धरली, आणि मग त्यांना रडूच कोसळलं.

"कुणी नाही गेलं! कुणीच नाही! मीच दमलेय. एकतीस वर्षं या दिवशी तळतेय, वाढतेय, भांडी घासतेय. तुम्ही सगळे आवडता मला, खरंच आवडता, पण मला एकदा या दिवशी बसायचं होतं हो. बंदरावर, खुर्चीत, समुद्र बघत. तेवढ्यासाठी ती मेली चिठ्ठी लावली. शब्द चुकले, आणि मग... मग मी घाबरले."

झाम्बेताबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. मिनासराव पुढे झाले आणि त्यांनी बायकोच्या हातातली बॅग घेतली. दर सणाला आपण स्वतः काय करत होतो, ते त्यांना आठवलं असावं.

"मेलं कोण होतं?" मावशीने विचारलं.

"तू, मावशी."

"हं. आणि पुरणार कुठे होतात?"

"नाफ्प्लियोला."

मावशीने विचार केला. "जागा चांगली निवडलीस. तिथल्या माहेरच्या घरी मला वर्षानुवर्षं कुणी नेलं नाही." मग ती स्ताथिसकडे वळली. "व्हॅन खाली आहे ती तुझी? पिवळ्या लीकवाल्याची?"

"हो, मावशी."

"मग उभे काय राहिलात? दफनानंतर माशांचं सूप असतं. माझ्या वाटचं सूप मी सोडणार नाही."

दुपारी दोनला नाफ्प्लियोच्या धक्क्यावर चार टेबलं जोडली होती. काळ्या कपड्यांतली नऊ माणसं पाहून खानावळवाल्याने आवाज खाली घेतला, मान लववली आणि न मागता पहिलं सूप आणलं. समोर बुर्ज उन्हात चमकत होता. पोलिक्सेनीबाईंची खुर्ची समुद्राकडे होती. मिनासरावांनी ती स्वतःच्या हाताने फिरवून दिली होती, आणि झाम्बेताबाई येताना वाटभर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

बार्बूनी आली, संपली. काट्यांनी भरलेल्या ताटल्या टेबलावर जमल्या. पोलिक्सेनीबाईंचे हात आपोआप पुढे गेले, त्यांनी तीन ताटल्या एकावर एक रचल्या आणि त्या उठू लागल्या.

खांद्यावर एक जड हात पडला. "बस खाली," झाम्बेताबाई म्हणाल्या आणि ताटल्या हिसकावून घेतल्या. "दुखवट्याच्या घरची बाई कशालाही हात लावत नाही."

"अगं पण झाम्बेता, कुणी मेलेलंच नाहीये!"

आगलाया मावशीने मासळीचं डोकं बोटांनी सोडवून चोखलं, ते बाजूला ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "नाही कसं? सोमवारपर्यंत मी मेलेय. तोवर तू बसून घे."