ऐकून तपासले

आमच्या शेजारचे सुखदेवकाका रहस्यकथा वाचायला बसले की खुनी कोण ते आधी सांगतात आणि मग पहिलं प्रकरण सुरू करतात.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांनी तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली. पाळी संपताना पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा तर महत्त्वाचं आधी सांगायचं, हा तिथला नियम. काकू गेल्यावर ते अंधांच्या एका वाचनालयासाठी पुस्तकं रेकॉर्ड करू लागले, तरी तो सुटला नाही. प्रेमकथा असली तर, "दोघांचं लग्न होत नाही. आता प्रकरण एक."

मी म्हणालो, काका, ऐकणाऱ्याची मजा जाते.

"काहून जाते? आधी माहीत असलं त माणूस घाबरत नाही ना, सर."

आवाज एकच. भुताची गोष्ट, मिरचीची लागवड, मधुमेहींचा आहार, एखाद्या राजाचं मरण, सगळं बॉयलरचं तापमान सांगावं तसं. चुकलं की "दुरुस्ती" म्हणून अख्खं पान पुन्हा. किंमत आणि छापखान्याचा पत्तासुद्धा वाचतात. डोळेवाल्यांना दिसतो, मग अंधांना का नको, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मे महिन्यातही काका डोक्यावर गोधडी घेऊन वाचतात आणि भिंतीला भिंत म्हणून आमचाही कूलर बंद करायला लावतात.

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून तपासनीस मीच. दुसऱ्या कुणीतरी पुस्तक समोर ठेवून रेकॉर्डिंग पूर्ण ऐकायचं आणि फॉर्मवर 'ऐकून तपासले' लिहून सही करायची, असा वाचनालयाचा दंडक. दर रविवारी मी पोह्यांचा पहिला घास घेतला की बेल वाजायची. दारात काका, हातात पेनड्राइव्ह. आत या म्हटलं तर "डिस्टर्ब नाही करत" म्हणायचे आणि उंबऱ्यावर उभे राहून अर्धा तास बोलायचे.

पहिलं पुस्तक मी ऐकलं. दुसरं अर्धं ऐकलं. पुढच्या अकरा पुस्तकांवर न ऐकताच सही ठोकली. कसं वाटलं असं काकांनी विचारलं की मी म्हणायचो, "स्पष्ट आहे."

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही गेलात का मग चहाला?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. मिरचीच्या पुस्तकात चौथं प्रकरण संपलं की काका जरा थांबतात आणि त्याच आवाजात म्हणतात, "सर, ऐकून राहिले ना? मी घरी एकटाच हाव. सायंकाळी चहाले या." पुढच्या पुस्तकात पुन्हा तेच. नंतरच्या प्रत्येक पुस्तकात तेच. तपासणारा ऐकेल, वाक्य कापायला सांगेल, असा काकांचा हिशोब असणार. ती वाक्यं तशीच ऐकणाऱ्यांपर्यंत गेली होती आणि आता ते फोन करून विचारत होते, की ते सर गेले का.

बाई हसत नव्हत्या. तपासणी अशी होणार असेल तर काकांचं वाचन थांबवावं लागेल, म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं. चूक माझी आहे, अकराही पुस्तकं ऐकून देतो, त्यांना थांबवू नका. एक महिना देते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी तसाच शेजारी गेलो. काकांनी दार उघडलं आणि मी दारातच सगळं कबूल केलं.

"मले माहीत होतं," काका म्हणाले. "ऐकलं असतं त आले असते तुम्ही."

मी विचारलं, मग तरी मलाच का देत राहिलात?

त्यांनी मला आत घेतलं आणि गॅसवर आधण ठेवलं. फडताळातून दोन कप काढून विसळले. एकाला जरा जास्तच वेळ लावला.

"पेनड्राइव्ह द्याले तरी येता येत होतं ना, सर, तुमच्याकडे."