डॉक्टर डावा घोटा

एकनाथ ढेकळेच्या डाव्या घोट्याला डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा एकनाथ स्वतः आठवी नापास होता.

यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. वैद्यकीय कॉलेजच्या तोंडी परीक्षांना तो अकरा वर्षं नमुना म्हणून पाय पुढे करून बसत होता. अंगावर मांस कमी, त्यामुळे हाडं, शिरा सगळं वरूनच दिसायचं. मुलं पेनानं खुणा करत. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं, आतल्या हाडामागे नाडी लागते, हे घोट्यानं इतक्यांदा ऐकलं की मुलं चुकली तरी तो चुकेना. प्रश्न आला की तो नाडी थांबवी; मग एक ठोका हो, दोन ठोके नाही. एकनाथही तेच ऐकत होता, पण त्याला गुदगुल्या होत. विद्यापीठानं नियम चाळले. परीक्षार्थी अख्खा माणूसच असावा, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मग स्थळं येऊ लागली. केरबा मोऱ्यांच्या घरी त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, चहा देताना त्याच्या तोंडाकडे पाहिलं, घोट्याकडे नाही. तेवढ्यानंच एकनाथचा जीव गुंतला. मामानं बजावलं होतं, शिक्षण विचारलं तर नुसतं डॉक्टर म्हण. पण त्याला ते जमेना.

"घोटा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "मी आठवी नापास."

"मग मी त्यांच्याशीच बोलतो," केरबाअण्णा म्हणाले. खाली बसून त्यांनी हाडामागे दोन बोटं टेकवली. आपल्या पायांना सूज येते, दाबलं की खड्डा राहतो, हे मिठानं का, असं त्यांनी विचारलं. दोन ठोके. हृदयाचं काही? एक ठोका. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात तेच निघालं, वेळेवर निघालं, आणि अण्णांनी घोट्याला होकार कळवला.

"आणि उरलेल्या माणसाचं काय?" सुनंदानं वडिलांना विचारलं.

"पदरी पडलं, पवित्र झालं," अण्णा म्हणाले.

लग्नात सासूबाईंनी पाणी घातलं आणि अण्णांनी चांदीच्या ताटात नवरदेवाचा डावा पाय धुतला, पुसला, कुंकू लावलं. उजवा ताटाबाहेरच राहिला. एकनाथनं तो धोतराखाली ओढून घेतला. त्याला सवय होती.

सुनंदानं तांब्या मागून घेतला.

"हा किती शिकलाय?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्याइतकाच."

तिनं तो पाय ताटात घेतला आणि दोन्ही हातांनी सावकाश धुतला. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही.